आधी माप, मग दर

लाकूड घ्यायला वखारीत गेलेला माणूस पहिला प्रश्न दराचा विचारतो. साग काय भावाने, ऐन काय भावाने, किंजळ आहे का. दोन वखारींत घनफुटामागे शंभर रुपयांचा फरक दिसला की स्वस्त वखार ठरते. पण हा घनफूट मोजला कुठे, कधी आणि कशाने, हे सहसा कोणी विचारत नाही. दरातल्या शंभर रुपयांपेक्षा कितीतरी मोठी रक्कम या न विचारलेल्या प्रश्नात जाते. आमच्या घराच्या छपराच्या निमित्ताने हे मला कळलं. कोकणात ज्यांचं कौलारू घर आहे, ज्यांना ते दुरुस्त करायचं आहे, त्या सगळ्यांना ते सांगावंसं मनापासून वाटतं.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या बाजूला. जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब, ऐनाच्या तुळया आणि वर मंगलोरी कौलं. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकलं. ते आमच्याकडे जमिनीवर आलं नाही, तरी त्याच्या वाऱ्याने मागीलदारचा फणस उन्मळून पडला आणि मागच्या पडवीचं छप्पर त्याच्याखाली मोडलं. पाऊस तोंडावर आलेला, करोनाचे निर्बंध चालू, आणि आजूबाजूच्या प्रत्येक घराला एकाच वेळी वासे-रिपा हव्या झालेल्या. अशा घाईत आम्ही दोन व्यवहार केले. पडलेला फणस एका व्यापाऱ्याला विकला आणि पडवीसाठी वासे एका वखारीतून आणले. विकतानाही लाकूड मोजलं गेलं आणि घेतानाही. दोन्ही वेळा मोजण्याची रीत समोरच्याने ठरवली, आणि दोन्ही वेळा नुकसान आमच्याच वाट्याला आलं.

आधी वाशांचं सांगते. बिलावर होतं: वासे, चार बाय तीन, बारा फूट, ४० नग, ४० घनफूट. हा हिशेब कागदावर बिनचूक आहे. कापीव लाकडाचं घनफूट काढायची रीत सोपी आहे. रुंदी इंचांत घ्यायची, जाडी इंचांत घ्यायची, लांबी फुटांत घ्यायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. चार गुणिले तीन गुणिले बारा म्हणजे १४४, भागिले १४४ म्हणजे बरोबर एक घनफूट. चाळीस वासे, चाळीस घनफूट.

वासे चढवायला आलेले मेस्त्रीकाका आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरी येणारे. त्यांनी पहिला वासा हातात घेतला, खिशातला टेप लावला आणि मला हाक मारली. "वहिनी, हे चार बाय तीन नाय. पावणेचार बाय पावणेतीन हाय." मग दुसरा, तिसरा, करत करत सगळे मोजले. जवळपास प्रत्येक वासा दोन्ही बाजूंनी पाव इंच कमी.

पाव इंच म्हणजे दोन सूत. ऐकायला ते काहीच वाटत नाही, पण गुणाकार करून पाहा. पावणेचार गुणिले पावणेतीन म्हणजे १०.३१. चार गुणिले तीन म्हणजे १२. बारा भागांचे पैसे दिले आणि सव्वादहा भाग मिळाले. चौदा टक्के लाकूड आलंच नाही. चाळीस घनफुटांतलं साडेपाच घनफुटांहून थोडं जास्त लाकूड फक्त बिलावर होतं. घनफुटाला दोन हजार रुपये दर धरला तर ही रक्कम ११,२५० रुपये होते. दुसऱ्या वखारीत दर शंभर रुपयांनी जास्त असता आणि माप पुरं असतं, तर चाळीस घनफुटांना चार हजार जास्त पडले असते आणि तरीही आम्ही फायद्यात राहिलो असतो.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती छपराची. वासा उभा बसवला की त्याची ताठरता उभ्या बाजूच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे ती बाजू तीनदा स्वतःशी गुणायची, मग रुंदीने गुणायचं. चार इंचांची बाजू पावणेचार झाली आणि तीन इंचांची पावणेतीन झाली, की ताठरता जवळजवळ पाव भागाने घटते. लाकूड चौदा टक्के कमी, पण ताठरता जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी कमी. मंगलोरी कौलं आषाढात पाणी पितात, जड होतात, आणि त्या वजनाखाली वासा मध्ये झोळ घेतो. झोळ आला की कौलांची ओळ उघडते आणि पाणी आत येतं. चोरलेला पाव इंच पावसाळ्यात असा दिसतो. याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: तोच चार बाय तीनचा वासा आडवा न बसवता चार इंचांची बाजू उभी ठेवून बसवला, तर तो पावणेदोन पट ताठ राहतो. एक पैसाही जास्त न घालता.

वखारवाल्याला विचारलं तर उत्तर तयार होतं. "करवतीत जातं, रंध्यात जातं, सगळीकडे असंच असतं." या उत्तरात थोडं सत्य आहे म्हणूनच ते ऐकून लोक गप्प बसतात. त्यातलं खरं किती, ते सांगते.

करवतीच्या पात्याला जाडी असते आणि तेवढं लाकूड भुशात जातं, हे खरं. पट्टाकरवतीचं पातं साधारण एक सूत लाकूड खातं. ओंडक्यातून एक-एक इंचाच्या फळ्या काढल्या तर दर फळीमागे एक सूत, म्हणजे नऊ भागांतला एक भाग भुसा होतो. गोल करवतीचं पातं त्याहून जास्त खातं. पण आपण ओंडका विकत घेत नाही, कापून तयार झालेला वासा घेतो. भुशाची किंमत कापीव लाकडाच्या दरात आधीच धरलेली असते. ती मापातूनही पुन्हा कापून घेणं म्हणजे एकाच भुशाचे दोनदा पैसे घेणं.

रंध्याचं वेगळं आहे. दार-खिडकीच्या चौकटीचं लाकूड कच्च्या मापावर विकायचा रिवाज जुना आहे. पाच बाय तीनची चौकट म्हटली की रंधा मारून ती दोन्ही अंगांनी सूत-दीड सूत कमी भरणार, हे सुतारालाही ठाऊक असतं. अमेरिकेत तर दोन बाय चार म्हणून विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते. पण तिथे हे प्रमाण ठरलेलं आहे, छापलेलं आहे आणि घर बांधणारा प्रत्येक जण ते धरूनच हिशेब करतो. आपल्याकडे असं ठरलेलं कुठे लिहून लावलेलं नसतं. म्हणून वखारीत पहिला प्रश्न हा विचारावा: हे माप करवतीवरून उतरल्याचं की रंध्यानंतरचं? छपराच्या वाशांना रंधा लागत नाही. तिथे करवतीवरून उतरलेलं माप पुरं मिळालंच पाहिजे.

नग जितका लहान, तितकी ही पाव इंचाची तूट मोठी, हेही डोक्यात पक्कं बसवा. आठ बाय आठच्या खांबाला दोन्ही बाजूंनी पाव इंच कमी मिळालं तर तूट सहा टक्के. चार बाय तीनच्या वाशाला चौदा टक्के. आणि दोन बाय एकच्या रिपेला? पावणेदोन गुणिले पाऊण म्हणजे १.३१, दोनाच्या जागी. चौतीस टक्के तूट, म्हणजे एकतृतीयांश रीप गायब. रिपा मोळीने येतात, धावत्या फुटाने विकल्या जातात, आणि एवढ्याशा पट्टीला टेप कोण लावणार म्हणून सगळ्यांत कमी मोजल्या जातात. रीप दोन बाय एकची पुरी असेल तर तिचे ७२ धावते फूट म्हणजे एक घनफूट होतो. या आकड्यावरून धावत्या फुटाचा दर घनफुटाच्या दराशी लगेच ताडून बघता येतो. कौल पेलते ती रीप. रिपेच्या मोळीतले दहा-बारा नग मधूनमधून ओढून मोजल्याशिवाय मोळी गाडीत चढू देऊ नका.

आता फणसाचं. गोल लाकडाचं माप कापीव लाकडाहून वेगळं असतं आणि ते माहीत नसलं की झाडाचा मालक पूर्ण व्यापाऱ्याच्या हातात जातो. आपल्याकडे ओंडका चौथाई घेराने मोजतात. दोरीने किंवा टेपने घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा, फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ४८ इंच आणि लांबी दहा फूट असेल तर चौथाई १२, वर्ग १४४, म्हणजे दहा घनफूट. ही रीत इंग्रजांबरोबर आली. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली तिची कोष्टकं छापली, म्हणून व्यापारात तिला अजूनही हॉपस माप म्हणतात. भूमितीने त्याच ओंडक्याचं खरं घनफळ काढलं तर पावणेतेरा घनफुटांच्या जवळ येतं. म्हणजे चौथाई घेराची रीत एकवीस टक्क्यांहून जास्त लाकूड आधीच सोडून देते. साल, कडेच्या फळ्या आणि भुसा यांची ही सूट आहे. ती सर्वमान्य आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्या सुटीवर पुन्हा घेतलेल्या सुटींची. घेर ओंडक्याच्या मधोमध घ्यायचा असतो, कारण बुंध्याकडे तो जाड असतो आणि शेंड्याकडे बारीक. आमच्या फणसाचा घेर व्यापाऱ्याच्या माणसाने शेंड्याकडून घेतला. मध्ये ४८ भरला असता तो तिथे ४४ भरला. चौथाई ११, वर्ग १२१, दहा फुटांचे ८.४ घनफूट. घेर चार इंच कमी धरला आणि सोळा टक्के लाकूड गेलं. त्यावर सालीची वजावट घेतली ती अंदाजाने. सालीचा हिशेब अंदाजाने करायचं कारणच नाही. अर्धा इंच जाडीची साल घेर तीन इंचांहून थोडासा वाढवते. कोयत्याने एका जागी साल काढून जाडी बघा, म्हणजे वजावट किती व्हायला हवी ते समोर दिसतं. शिवाय मोजताना इंचाचा तुकडा सोडून दिला गेला आणि फुटाचा तुकडाही. घेर साडेसत्तेचाळीस भरला तर सत्तेचाळीस, लांबी दहा फूट आठ इंच भरली तर दहा. तोच ओंडका फळ्या होऊन परत विकला जातो तेव्हा हे तुकडे कोणी सोडत नाही.

झाडाच्या मालकाला त्याचं मोल पुरतं मिळावं, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट ताकीद आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. आरमारासाठीसुद्धा जे राज्याने करू नये, ते पडलेल्या झाडाच्या मालकाशी आज सर्रास होतं आहे, याचं मला वाईट वाटतं.

आणि लाकडाच्या मोजणीचा वाद किती दूर जाऊ शकतो, याची खूण रत्नागिरीतच उभी आहे. थिबा पॅलेस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इथे का आला, हे मात्र मुलांना सहसा सांगितलं जात नाही. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून साग तोडून नेत असे. नेलेले ओंडके कमी दाखवून कंपनीने राजाचा महसूल बुडवला, असा ठपका राजदरबाराने १८८५ मध्ये ठेवला आणि सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड लावला. कंपनीने आरोप नाकारला. फ्रेंचांचा तिथला वाढता वावर इंग्रजांना आधीच खुपत होता. दंडाच्या वादाने त्यांना हवं ते निमित्त मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडलं, राजा कैद झाला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं गेलं. आज दिसतो तो राजवाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. ओंडक्यांची मोजणी कोणी आणि कशी करायची यावर पडलेल्या ठिणगीतून एक राज्य गेलं. तो वाडा बघताना मला आता त्याच्या सागाच्या कामाआधी ही मोजणी आठवते.

पुन्हा आमच्या पडवीकडे येते, कारण मापाची तूट हा त्रासाचा अर्धाच भाग होता. वासे ओले होते. वादळाने पडलेली झाडं आठवड्याभरात कापून वासे म्हणून विकली गेली, आणि आम्हालाही तेच मिळाले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही वासे पिळले, काहींना टोकाशी भेगा पडल्या, खिळे सैल झाले आणि कौलांच्या ओळी वरखाली झाल्या. पडवी पुन्हा उतरवावी लागली.

ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत आणि जाडीत आकसतं. वार्षिक वलयांच्या दिशेने ते जास्त आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा फरक सारखा नसल्यामुळेच फळी वाकते आणि वासा पिळतो. साग सगळ्यांत कमी आकसणाऱ्या लाकडांत मोडतो, तरी सागाचीसुद्धा दहा इंचांची ओली फळी वाळून पाव इंच कमी भरू शकते. म्हणजे ओलं असताना पुरं मोजलेलं लाकूड घरी आल्यावर आपोआप कमी होतं. बिल पुरं, वखारवाला खरा, आणि तरी घरात लाकूड कमी. म्हणून दुसरा प्रश्न: हे माप ओल्याचं की वाळल्याचं?

वाळलंय की नाही हे ओळखायला उपाय आहेत. ओलावा मोजायचं यंत्र आता ठेकेदारांकडेही असतं, मागून घ्या. ते नसेल तर त्याच लाकडाचा वीतभर तुकडा कापून आणा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि आठवड्याने पुन्हा तोला. वजन घटत राहिलं तर लाकूड अजून ओलं आहे. हवेत वाळायला साधारणपणे जाडीच्या एका इंचाला एक वर्ष धरतात. आपल्या किनाऱ्यावर हवेतच ओल इतकी, की इथलं लाकूड विदर्भातल्या लाकडाइतकं कधीच कोरडं होणार नाही. भारतीय मानक संस्थेनेही लाकडातल्या ओलाव्याच्या मर्यादा ठरवताना देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडले आहेत. म्हणून विदर्भातल्या बल्लारपूरकडून आलेलं खडखडीत वाळलेलं सागाचं दार रत्नागिरीच्या जुलैत फुगून चौकटीत अडकतं. दार बसवताना ती फट ठेवायला सुताराला आठवण करा.

बल्लारपूरचा विषय निघालाच आहे तर सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग आपल्या राज्यातला नामांकित साग. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. वनखात्याच्या आगारातल्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो, नग क्रमांक असतो, लांबी आणि घेर लिहिलेला असतो, आणि हिशेब घनमीटरमध्ये होतो. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. पण परदेशातून येणारा ओंडका बहुतेक वेळा हॉपस घनमीटरने विकला जातो, आणि त्यात खरं लाकूड सव्वापटीहून जास्त असतं. दोन दर समोर आले की दोन्ही एकाच घनमीटरचे आहेत का, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. आणि बर्मा टीक म्हणून कोणी ओंडके दाखवले तर जपून. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. नावाचे पैसे देण्याआधी कागद बघा.

लांबीबद्दल एक गोष्ट मेस्त्रीकाकांनी शिकवली ती फार मोलाची. वाशाची लांबी जमिनीवर मोजायची नसते. आढ्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर दहा फूट असेल आणि आढं भिंतीपेक्षा सहा फूट उंच असेल, तर उतारावरची लांबी पावणेबारा फुटांच्या जवळ येते. त्यापुढे कोकणच्या पावसासाठी दीड-दोन फुटांची पागोळी बाहेर काढायची. म्हणजे चौदा फुटी वासा हवा. दहा-बाराचा अंदाज करून बारा फुटी वासे आणले की पागोळी आखूड होते आणि पाणी भिंतीवर येतं. तसंच रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. ज्या कौलांनी छप्पर घालायचं ती चार कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडा आणि त्यांच्यावरून अंतर घ्या. जुन्या आणि नव्या कौलांत दोन-तीन सुतांचा फरक सहज असतो.

टेप आपलाच न्या, आणि तोही पोलादी. कापडी टेप वापरून ताणला जातो आणि ताणलेला टेप लाकूड कमी दाखवतो किंवा धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे जास्त. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो, तो बिघाड नाही. आतून टेकवून आणि बाहेरून अडकवून दोन्ही वेळा माप बरोबर यावं म्हणून तो स्वतःच्या जाडीइतका सैल ठेवलेला असतो. ठोकून घट्ट करू नका. माप नगाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशा तीन जागी घ्या. करवत सरकली असेल तर एक टोक पुरं आणि दुसरं बारीक असतं, आणि दाखवताना पुरं टोक पुढे येतं. चारही कोपरे चौकोनी आहेत का तेही बघा. कोपऱ्यावर साल राहिली असेल किंवा पांढरा, सालीकडचा भाग मोठा असेल, तर तेवढ्या भागाचे पैसे वजा करायला सांगा. भुंगा आधी तिथेच लागतो.

प्लायवूड घेणाऱ्यांनाही हेच. सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर. तेवढे पैसे देऊन १७ चा बोर्ड घरी आला तर कपाटाचा कप्पा पुस्तकांनी वाकणार. कडेला टेप न लावता स्लाइड कॅलिपर लावा, ते आता स्वस्त मिळतं.

पडलेलं किंवा तोडायचं झाड विकताना मापाआधी परवानगी बघा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर ही आपल्या परसातली झाडं आहेत. तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. व्यापारी म्हणतो "ते आमच्यावर सोडा", पण जागा तुमच्या नावावर असते. परवान्याच्या कागदावर नगांची लांबी आणि घेर लिहिलेले असतात. ते आकडे आणि तुम्हाला पैसे देताना धरलेले आकडे एकच आहेत का, हे ताडून पाहण्याचा हक्क तुमचा आहे आणि तो आवर्जून बजावा.

शेवटी बिलाचं. 'वासे ४० नग' किंवा नुसतं '४० घनफूट' असं बिल घेऊ नका. प्रत्येक आकाराचं प्रत्यक्ष मोजलेलं माप, नगांची संख्या, लाकडाची जात, वाळलेलं की ओलं, हे सगळं त्यावर लिहून घ्या. वैध मापन शास्त्र कायदा, २००९ प्रमाणे व्यवहार मेट्रिक मापात व्हायला हवा, म्हणून इंचांबरोबर मिलिमीटरही मागा. माल गाडीतून उतरवण्याआधी मोजा, तूट असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा आणि फोटो काढून ठेवा. मापात खोट असेल तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र निरीक्षकाकडे तक्रार करता येते. ग्राहक म्हणून दाद मागायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आमच्या बिलावर फक्त 'चार बाय तीन' लिहिलेलं होतं, आणि वासे तोवर कौलांखाली गेले होते. त्यामुळे आमची तक्रार उभीच राहू शकली नाही. तुमचं लाकूड अजून वखारीत असेल, तर आजच मोजून घ्या.